पाराशा वाचायचा कसा आणि त्यातनं आपल्या कामाचं काढायचं कसं

तोरा म्हंजे ज्यूंचा धर्मग्रंथ, पाच पुस्तकं. मराठी बायबल ज्यांच्या घरात आहे त्यांना ती उत्पत्ति, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद ह्या नावांनी माहीत असतील. ह्या पाचांचे मिळून ५४ भाग पाडलेत, एका भागाला पाराशा म्हणतात, आणि जगभरातले ज्यू दर आठवड्याला एक पाराशा वाचतात, वर्ष आखूड असलं तर कधी दोन जोडून. सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हंजे आपल्याकडं नवरात्र-दसऱ्याची धामधूम असते त्याच्या थोडं मागं-पुढं, शेवटचा भाग संपतो आणि त्याच दिवशी लगेच पहिल्या पानापासनं परत सुरू. ज्यांच्या घरात पोथी लागते त्यांना हे समजावून सांगायला लागत नाही, एकदा संपली म्हणून कोण पोथी माळ्यावर टाकत नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हंजे इथले मराठी बोलणारे ज्यू. मूळचे कोकणातले. आमचे लोक तिकडं तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. पुढं नोकरीधंद्यानं कोण कुठं कोण कुठं गेलं, आमचं बूड कोल्हापुरात टेकलं, उद्यमनगरात छोटं मशीनशॉप आहे. आता अडचण अशी की तोराची गुंडाळी उघडून चारचौघांत वाचायची तर दहा मोठे पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात, आणि कोल्हापुरात दहा कुठनं आणायचे. मग सणाला पुण्याला जायचं, लष्कर भागातलं लाल देऊळ नाहीतर रास्ता पेठेतलं सिनेगॉग (सिनेगॉग म्हंजे आमचं प्रार्थनेचं ठिकाण), तिथं रीतसर ऐकायचं, आणि बाकी वर्षभर घरी पुस्तकातनं. शनिवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही वाचत बसतो आणि हळूहळू शेजारचे दोघं-तिघं पण यायला लागले, एक रिटायर मास्तर, एक सीएचा अभ्यास करणारी पोरगी, आणि एक दूध संस्थेतला माणूस ज्याला सगळ्यात जास्त प्रश्न पडतात. त्यांना जे जे सांगायला लागलं तेच इथं लिहितोय. तुम्ही ज्यू असा नसा, वाचायला कोणाची बंदी नाही.

बसल्या बसल्या धडा शोधू नका

सगळ्यात पहिली गोष्ट. नवीन माणूस पाराशा वाचतो आणि पाच मिनिटात सांगतो की ह्यातनं आपण शिकलो की प्रामाणिक राहावं, एकीनं राहावं, देवावर भरवसा ठेवावा. बरोबर आहे की, पण हे तर न वाचता पण माहीत होतं. मग वाचलं कशाला? असला धडा कुठल्याही गोष्टीला डकवता येतो, नोहाला पण आणि योसेफाला पण, आणि सोमवारी दुकान उघडलं की त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

त्याऐवजी काय करायचं, तर त्या भागातली एखादी खटकणारी बारीक गोष्ट पकडायची. म्हंजे इथं हा माणूस गप्प का बसलाय, हे इतकं डिटेलमध्ये का सांगितलंय, हा नियम आधी का आणि तो नंतर का, ह्यात खर्च कोणाचा झाला, भांडण कोणाचं मिटलं. धडा त्या खटकण्यात असतो. मोठ्या गोष्टीत सगळे एकसारखं बोलतात, बारीक गोष्टीत माणूस आपला आपण विचार करतो.

वाचायचं कसं ते पण सांगतो. जुनी शिस्त अशी आहे की आठवड्याचा भाग मुळातनं दोनदा वाचायचा आणि भाषांतर एकदा. त्या काळी भाषांतर म्हंजे अरामी, कारण लोकांची बोलायची भाषा ती होती. ज्यांना हिब्रू येत नाही त्यांनी मराठीतच दोनदा वाचावं, एकदा मनातल्या मनात आणि एकदा मोठ्यानं, मोठ्यानं वाचताना जीभ जिथं अडखळते तिथंच बहुतेक काहीतरी असतं. सगळा भाग एका बैठकीत होत नाही, काही भाग चांगलेच लांब आहेत. शब्बाथला, म्हंजे आमच्या शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, सिनेगॉगमध्ये सात जणांना बोलावून सात तुकड्यांत वाचतात, तेच तुकडे रविवारपासनं रोज एक घेतले तर शनिवारपर्यंत आरामात होतं, बसमध्ये सुद्धा होतं. मिश्कानाची (म्हंजे देवाच्या तंबूची) मापं, वंशावळी, गोत्रांची (म्हंजे टोळ्यांची) मोजदाद ह्याच्यावरनं पहिल्या वर्षी सरळ पुढं जा, माझा तरी सल्ला हाच, कोणी पेपर काढणार नाहीये.

एक वही करा. पानाचे तीन उभे भाग करा. पहिल्यात मुळात काय लिहिलंय, दुसऱ्यात जुन्या रब्बींनी, म्हंजे ज्यू धर्मपंडितांनी, काय म्हटलंय, तिसऱ्यात मला काय वाटतं. ही तीन खाती कधी एकात एक मिसळू द्यायची नाहीत. बहुतेक गोंधळ इथंच होतो, माणूस स्वतःच्या मनातलं मोशेच्या तोंडी घालतो आणि मग बायकोला सांगतो बघ तोरात लिहिलंय. (शब्बाथला आम्ही लिहीत नाही, त्यामुळं वही शनिवारी रात्री तारे दिसल्यावर उघडते. तेवढ्या वेळात अर्धं विसरलेलं असतं, पण जे लक्षात राहतं ते खरंच कामाचं असतं.)

नोहावर ही वही चालवून बघू

दुसऱ्याच आठवड्याला नोहाचा भाग येतो. महापूर. कोल्हापूरकराला हा भाग समजावून सांगायचा म्हंजे माशाला पाणी दाखवायचं. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै कोण विसरलंय? राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, पावसाळ्यात लोक सकाळी उठून दात घासायच्या आधी हा आकडा बघतात.

आता पहिलं खातं. मुळात काय आहे: नोहाला सांगितलं जातं, तारू बांध, लांबी ३०० हात, रुंदी ५०, उंची ३०, आतनं बाहेरनं डांबर लाव. तो सगळं सांगितल्यासारखं करतो. पण एक बघा, ह्या पूर्ण प्रकरणात नोहा एक अक्षर बोलत नाही. देव बोलतो, पाऊस पडतो, कावळा सोडतो, कबुतर सोडतो, पण माणूस गप्प. त्याच्या तोंडचं पहिलं वाक्य येतं ते पूर ओसरल्यावर, द्राक्षमळा लावून दारू पिऊन झाल्यावर, आणि ते पण शाप देणारं वाक्य. खटकतं का नाही?

दुसरं खातं. मुळात नोहाला त्याच्या पिढीतला नीतिमान माणूस म्हटलंय. राशी म्हणून फ्रान्समधले तोरावर भाष्य लिहिणारे मोठे रब्बी होऊन गेले, १०४० ते ११०५, ते इथं दोन्ही बाजू नोंदवून ठेवतात. कोण म्हणतं ही स्तुती आहे, इतक्या वाईट लोकांत राहून हा चांगला राहिला, चांगल्या लोकांत असता तर अजून चांगला झाला असता. कोण म्हणतं हा टोमणा आहे, त्या पिढीत चांगला, अब्राहामाच्या (आमच्या मूळपुरुषाच्या) पिढीत असता तर कोणी विचारलं पण नसतं. राशी निकाल देत नाहीत, दोन्ही ठेवतात. आणि अब्राहामाचं नाव का, तर सदोम नगर बुडवायचं ठरतं तेव्हा तो देवाशी घासाघीस करतो, ५० नीतिमान असले तर? ४५? ४०? असं करत करत दहापर्यंत आणतो. तो भाग दोनच आठवड्यांनी येतो, त्यामुळं दोघं शेजारी शेजारी दिसतात. रब्बी नोहाची बाजू पण घेतात बरं का, म्हणतात तारू बांधायला १२० वर्षं लागली ती मुद्दामच, लोकांनी येऊन विचारावं हे काय चाललंय म्हणून.

तिसरं खातं, म्हंजे आम्ही. आमच्यात ह्यावर जोरदार वाद झाला. मास्तर नोहाच्या बाजूनं, म्हणाले सांगून कोण ऐकतं, पुराच्या वेळी भोंगा लावून सांगितलं तरी लोक घरं सोडत नव्हते. दूधवाला म्हणाला ऐकत नाहीत ते सोडा, पण सांगितलं का? निष्कर्ष काय निघाला तर कसला महान निघाला नाही, एक कागद निघाला. पाणी ३९ फुटांला गेलं की गल्लीत कोणी कोणाला फोन करायचा त्याची यादी. तळमजल्यावर एक आजी एकट्या राहतात, त्यांच्याकडं साधा फोन आहे, ग्रुपवरचे मेसेज त्यांना दिसतच नाहीत, त्यांचं नाव सीएवाल्या पोरीकडं. तो कागद जिन्याखाली मीटरच्या पेटीजवळ चिकटवलाय. मला विचाराल तर पाराशाचा धडा असा असायला पाहिजे, चिकटवता येईल असा.

सगळ्यात कंटाळवाणा भाग सगळ्यात जास्त देतो

लेवीयच्या मधोमध तझ्रिआ आणि मेत्सोरा नावाचे दोन भाग आहेत, बऱ्याच वर्षी जोडून येतात, साधारण एप्रिलात. कातडीवरचे चट्टे, कपड्यावरचे चट्टे, सात दिवस कोंडून ठेवणं, छावणीबाहेर राहणं. जगात सगळीकडं ह्या आठवड्याला भाषण द्यायची पाळी आली की लोक तोंड वाकडं करतात. पण ह्यातला घराच्या भिंतीवरच्या चट्ट्यांचा तुकडा, लेवीय १४, तो मात्र पूर बघितलेल्या माणसानं वाचाच.

काय होतं: घरमालकाला भिंतीत हिरवट नाहीतर तांबूस खोलगट डाग दिसतात. तो याजकाकडं, म्हंजे पुरोहिताकडं, जातो आणि म्हणतो, घरात चट्ट्यासारखं काहीतरी दिसतंय. चट्टा आहे असं म्हणायचं नाही, सारखं काहीतरी. रब्बी सांगतात की माणूस स्वतः कितीही शिकलेला असला, हा चट्टाच आहे हे त्याला पक्कं कळत असलं, तरी त्यानं निकाल द्यायचा नाही, नुसतं दिसलं ते सांगायचं. मग याजक यायच्या आधी हुकूम देतो: घर रिकामं करा. सगळं सामान बाहेर काढा. का? कारण एकदा तो आत येऊन घर अशुद्ध म्हणाला की आतलं सगळं अशुद्ध होणार, म्हणून आधीच बाहेर काढून घ्या. मग तो बघतो, सात दिवस घर बंद, परत बघतो, डाग पसरला असला तर तेवढे दगड काढायचे, आतनं गिलावा खरवडायचा, नवे दगड नवा गिलावा. तरी परत आला तर घर पाडायचं.

आता थांबून विचार करा, ह्यात वाचवलं काय? रब्बींनी हिशोब केलाय. तांब्या-पितळेचं भांडं अशुद्ध झालं तर पाण्यात बुडवून शुद्ध करता येतं. कापड पण. अन्न खाऊन टाकता येतं, अशुद्धीच्या दिवसांत तरी. मग खरं नुकसान कशाचं, तर मातीच्या भांड्यांचं, ती फोडायलाच लागतात. म्हंजे एवढा सगळा हुकूम, घर रिकामं करा, थांबा, याजक बाहेर उभा, कशासाठी? गाडग्या-मडक्यांसाठी. चार आण्याच्या मडक्यासाठी कायदा थांबलाय. कुंभार गल्लीत हे वाचून दाखवलं तर लोक डोक्यावर घेतील.

ह्यावरनं आमच्या शॉपमध्ये एक बदल झाला तो सांगतो. आमच्याकडं जॉबवर्कचं काम असतं, ढिगानं पीस येतात, एखाद्या लॉटमध्ये माप हललं की तपासणारा येऊन पूर्ण लॉटवर लाल पट्टी लावतो आणि मग त्यातले चांगले पीस पण अडकतात, पोरांचा दिवसाचा हिशोब बुडतो. आता नियम असा की मशीनवरच्या पोराला शंका आली की त्यानं रिजेक्ट आहे म्हणायचं नाही आणि लपवायचं पण नाही, म्हणायचं माप हलल्यासारखं वाटतंय, आणि मशीन थांबवायचं. त्याआधीचे मोजून झालेले चांगले पीस वेगळ्या ट्रेत काढून घ्यायचे, मगच तपासणीला बोलवायचं. सांगायला सोपं आहे, पण ह्यात पोरगं खरं बोलायला घाबरत नाही हा मोठा फरक आहे, कारण खरं बोलल्यावर त्याचं मडकं फुटत नाही. शाळेत मास्तरांना, ऑफिसात साहेबांना, घरात आईबापाला, कोणालाही लावून बघा: निकाल द्यायच्या आधी समोरच्याला काय वाचवायला वेळ देता येईल?

ह्याच तुकड्यावर रब्बींचं दुसरं एक म्हणणं आहे, ते ऐकून तर आमच्यात हसून हसून पुरेवाट झाली. म्हणतात घराला हा रोग कंजूषपणानं येतो. शेजारी गहू मागायला आला, चाळण मागायला आला, आणि ह्यानं सांगितलं नाहीये हो आमच्याकडं. मग एक दिवस घर रिकामं करायची वेळ येते आणि सगळं सामान रस्त्यावर, गहू पण आणि चाळण पण, आणि शेजारी बघत उभे. पूर ओसरल्यावर ज्यांनी पंचनाम्यासाठी घरातलं सगळं सामान दारात काढून ठेवलेलं बघितलंय त्यांना हे चित्र वेगळं काढून दाखवायला नको. कोणाच्या घरात किती कुकर आहेत ते त्या दिवशी सगळ्या गल्लीला कळलं.

इथ्रोचा भाग, आणि सासऱ्यानं बोलावं कसं

हा जानेवारी-फेब्रुवारीत येतो. दहा आज्ञा ज्या भागात आहेत त्या भागाला नाव कोणाचं, तर मोशेच्या सासऱ्याचं, आणि तो मिद्यानी याजक, इस्राएली नव्हेच. शेजारचे लोक वाचायला येऊन बसतात तेव्हा मी हे मुद्दाम सांगतो, बाहेरच्या माणसाचं बोलणं इथं पहिल्यापासनं आत घेतलेलं आहे.

निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासनं संध्याकाळपर्यंत एकटा निवाडे करत बसलाय आणि लोक रांगेत उभे. इथ्रो म्हणतो तू करतोस ते बरं नाही, तू पण झिजशील आणि हे लोक पण झिजतील. हजारावर एक, शंभरावर एक, पन्नासावर एक, दहावर एक असे माणसं नेम, लहान भानगडी ते बघतील, मोठं तेवढं तुझ्याकडं. सहा लाख माणसांचा हिशोब धरून रब्बींनी ७८,६०० न्यायाधीश असा आकडा काढलाय, एवढं मॅनपॉवर बघून दूधवाला म्हणाला आमच्या संघात पण एवढे नाहीत.

सगळे ह्यातनं डेलिगेशन काढतात, मॅनेजमेंटच्या कोर्समध्ये पण सांगतात, आणि ते ठीकच आहे, तालमीच्या मंडळात एकच माणूस वर्गणी पण गोळा करतो, मांडव पण घालतो, पोलीस परवानगी पण काढतो आणि दरवर्षी रुसून पण बसतो त्याला हे वाचून दाखवा. पण खटकणारी बारीक गोष्ट वेगळीच आहे. इथ्रो आल्या आल्या सल्ला देत नाही. आधी जावयाची ख्यालीखुशाली, मग मिसरमधलं (इजिप्तमधलं) सगळं ऐकून घेतो, आनंद मानतो, एकत्र जेवतात. दुसऱ्या दिवशी दिवसभर नुसतं बघतो. मग पहिल्यांदा प्रश्न विचारतो, तू एकटाच का बसतोस? मोशेचं उत्तर ऐकतो. मग बोलतो. बोलून झाल्यावर म्हणतो देवानं तुला तसं सांगितलं तर कर. आणि मग आपल्या गावाला निघून जातो, राबवतोय का नाही ते बघायला मुक्काम ठोकत नाही. सुनेच्या स्वयंपाकघरात जाणाऱ्या प्रत्येक माणसानं हा क्रम पाठ करावा: जेवा, बघा, विचारा, सांगा, जा.

जबरदस्ती नको

सगळ्याच भागातनं गोड काहीतरी निघतंच असं नाही. की तेत्से नावाचा भाग, ऑगस्ट-सप्टेंबरात येतो, त्यात ७४ आज्ञा आहेत असं मोजतात. त्यातल्या काही थेट उचलून वापरता येतात. नवं घर बांधलं तर गच्चीला कठडा कर, नाहीतर कोणी पडलं तर दोष तुझ्या घराला. पुढं रब्बींनी हे वाढवलं, म्हणाले घरात चावरा कुत्रा नको आणि मोडकी शिडी नको. आमच्या शॉपमध्ये तुटका स्टूल होता, सगळे म्हणायचे जपून बस जपून बस, तो त्या आठवड्यात भंगारात गेला. पिशवीत दोन वजनं ठेवू नको, एक घ्यायचं एक द्यायचं. मजुराची मजुरी त्याच दिवशी दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यात अडकलाय. मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नको. हे सगळं बेंदूर करणाऱ्या माणसाला काय समजावणार.

पण त्याच भागात बंडखोर मुलाला दगडमार करायचं पण लिहिलंय. इथं उगाच ओढूनताणून आजच्या तरुण पिढीला शिस्तीची गरज वगैरे काढू नका, वाईट दिसतं. रब्बींनी पण काढलं नाही. त्यांनी इतक्या अटी घातल्या, आईबापाचा आवाज पण सारखा पाहिजे इथपर्यंत, आणि शेवटी म्हणाले असं कधी झालं नाही आणि होणार पण नाही, नुसतं अभ्यासासाठी लिहिलंय. त्यातलाच एक रब्बी उठून म्हणतो, मी बघितलाय असा मुलगा, त्याच्या कबरीवर बसलोय. हे पण लिहून ठेवलंय, खोडलं नाही. असा भाग आला की वहीत तिसरं खातं कोरं सोडा. आमच्या वहीत अशी बरीच पानं कोरी आहेत.

उलटी चूक पण होते, म्हंजे जुन्या गोष्टीला आजचे कपडे घालायचे. सलाफहादच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. पिन्हास नावाच्या भागात येतात, जुलैत. बाप वारला, भाऊ नाही, जमिनीची वाटणी चाललीय आणि ह्यांना काही नाही. त्या मोशेसमोर, पुढाऱ्यांसमोर, सगळ्या लोकांसमोर उभ्या राहतात आणि म्हणतात आमच्या बापाचं नाव का पुसायचं, आम्हाला वतन द्या. मोशेला उत्तर माहीत नसतं. तो देवाकडं नेतो आणि देव म्हणतो मुली बरोबर बोलतायत. कायदा बदलतो.

आमची सीएवाली पोरगी ह्यावर उसळली, म्हणाली बघा, स्त्रियांचा समान हक्क. तिला सांगितलं पूर्ण वाच. हक्क मिळतो तो मुलगा नसला तरच. आणि गणना पुस्तकाच्या शेवटी त्यांच्याच गोत्रातले पुढारी येतात, म्हणतात ह्या दुसऱ्या गोत्रात लग्न करून गेल्या तर जमीन जाईल, मग ठरतं की गोत्रातच लग्न करायचं. आजच्या समान हक्काशी ह्याचं माप जुळत नाही, २००५ च्या कायद्यानं हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा आहे, त्याच्या जवळपास पण हे जात नाही. पण मग तिनं दुसऱ्यांदा वाचून जे काढलं ते भारी होतं. म्हणाली, त्या एकेकट्या गेल्या नाहीत, पाचीजणी एकदम गेल्या, आणि मागल्या दारानं नाही, सगळ्यांसमोर. आपल्याकडं उलटं होतं. हक्कसोडपत्रावर सही घ्यायची असली की बहिणीला एकटीला गाठतात, भाऊबीजेला नाहीतर माहेरपणाला, चहाचा कप हातात असताना कागद पुढं येतो. तिच्या आईच्या बाबतीत असं काही चाललं होतं म्हणे. तिनं त्या आठवड्यात एवढंच केलं की दोन्ही मावश्यांना फोन करून सांगितलं, कागद वाचायचा तर तिघींनी एकत्र बसून वाचायचा, सही नंतरचं नंतर बघू.

आठवड्याला एकच

वाचन झाल्यावर दर आठवड्याला एकच गोष्ट ठरवायची, आणि ती पुढच्या शुक्रवारच्या आत हातानं करता येईल अशी. मी रागावर ताबा ठेवीन हे चालत नाही. मी मंगळवारच्या आत अमक्याची उसनी आणलेली ड्रिल परत देईन, हे चालतं. झालं का नाही ते पुढच्या शनिवारी विचारायचं, पण नाही झालं तर लेक्चर द्यायचं नाही.

चारजण बसणार असाल तर दोन पथ्यं पाळा. एक, धडा दुसऱ्यावर नेम धरून मारायचा नाही. ही ओळ तुझ्यासाठीच लिहिलीय असं कोणी बायकोला म्हणालं की ती बैठक तिथंच संपते, पुढच्या शनिवारी चहा पण मिळत नाही. दोन, जो येतो त्याला त्याची उदाहरणं आणू द्या. आमच्यात मास्तर दर वेळी तुकाराम आणतात आणि मला त्याचं काही वावगं वाटत नाही. आमचेच बेने इस्राएल लोक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला बायबलातल्या गोष्टींवर मराठीत कीर्तनं करायचे, टाळ-झांज सगळं, मग ह्यात नवीन काय आहे. आणि खायचं म्हणाल तर मांसाबरोबर दूध आम्हाला चालत नाही, तो नियम पण निर्गमातल्याच एका ओळीवरनं आलाय, त्यामुळं आमच्या घरचा पांढरा रस्सा निव्वळ नारळाच्या दुधाचा असतो, लोक वाटीवर वाटी मागून घेतात.

सुरुवात कधी करायची ह्यासाठी ऑक्टोबरची वाट बघू नका. मोबाईलवर हेबकॅल नावाचं कॅलेंडर आहे, त्यात ह्या आठवड्याचा भाग दिसतो, तिथनंच धरा. मधनंच सुरू केलं तरी बिघडत नाही, वर्षभरात फिरून सगळं येतंच. चार आठवडे बुडले तर मागचं भरत बसायचं नाही, चालू आठवड्याला येऊन मिळायचं. जोडभाग आला की दोन्हीतला एकच घ्या. आणि त्या कॅलेंडरमध्ये सेटिंग बघून घ्या, इस्राएल आणि इस्राएलबाहेर असे दोन प्रकार आहेत, आपल्याला बाहेरचा लावायचा. तिकडं काही सण एक दिवस कमी पाळतात, त्यामुळं तो जादा दिवस शनिवारी पडला की ते एक भाग पुढं जातात आणि काही आठवडे तसंच चालतं. आमचा भाचा अश्दोदला असतो, त्या दिवसांत फोनवर तो एका भागाबद्दल बोलत असतो आणि मी दुसऱ्याच.